वाटेवरचा समेट

वाचनासाठी : मत्तय ५:२३–२६, निर्गम १८:१३–२६, १ करिंथ ६:१–८



प्रभूने डोंगरावर जो उपदेश केला त्यात न्यायालयाचे एक लहानसे चित्र आहे, आणि आपण बहुधा ते घाईने वाचून पुढे जातो. दोन माणसे न्यायाधीशाकडे चालली आहेत. एकाची दुसऱ्यावर फिर्याद आहे. वाट अजून सरलेली नाही. प्रभू त्यांपैकी एकाला म्हणतो की, पाय चालत आहेत तोवरच आपल्या वाद्याशी मिळते घे. कारण एकदा न्यायाधीशाचे दार आले म्हणजे गोष्ट तुझ्या हातची राहणार नाही. न्यायाधीश शिपायाच्या हवाली करील, शिपाई तुरुंगात घालील, आणि शेवटची दमडी फिटेपर्यंत सुटका व्हावयाची नाही.

ह्या वचनावर आमच्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश झाले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो, तो हा की ख्रिस्ती माणसाने कोर्टाची पायरी चढू नये. शहाण्याने ती चढू नये अशी आपल्या देशात म्हण आहेच. तिला आता शास्त्राचाही आधार मिळाला असे समजून ऐकणारे घरी जातात. आम्हांस ह्या ठिकाणी थांबून एवढेच विचारावयाचे आहे की, प्रभू हे सांगतो ते कोणास? ज्याचे गेले आहे त्यास, की ज्याने घेतले आहे त्यास?

वचन पुन्हा वाचावे. शेवटची दमडी ज्याला फेडावयाची आहे, तो देणेकरी आहे. तुरुंगाची भीती त्याला आहे. त्याच्या वरची दोन वचने पाहावी म्हणजे शंका उरत नाही. तेथे एक मनुष्य वेदीजवळ दान घेऊन उभा आहे, आणि त्याला आठवण होते ती अशी की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. भावाने त्याचे बिघडवलेले नाही. त्याने भावाचे बिघडवले आहे. अशा माणसाला प्रभू म्हणतो की दान तेथेच ठेव आणि आधी जा. तेव्हा समेटाची ही घाई प्रथम त्याच्या माथी आहे, ज्याच्या घरात दुसऱ्याची वस्तू पडून आहे. आम्ही मात्र मंडळ्यांत हे वचन उलटे करून टाकले आहे. जो फसला, जिचा वाटा बुडाला, ज्याची मजुरी अडकली, त्याच्याकडे जाऊन आम्ही म्हणतो, "जाऊ द्या, समेट करा, ख्रिस्ताचे नाव बदनाम होईल." आणि ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो शांतपणे पुढच्या बाकावर बसून उपासना करतो. कोर्टाची पायरी न चढण्याची म्हण त्याला फार आवडते.

हे आम्ही हवेत बोलत नाही. नाशिकाहून त्र्यंबकेश्वराच्या वाटेने निघाले म्हणजे शरणपूर मागे पडते आणि थोड्याच अंतरावर सातपूर लागते. एके काळी हे शेतकऱ्यांचे गाव होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर सातपूरच्या जमिनी वसाहतीसाठी संपादन होऊन त्यांवर कारखाने उभे राहिले. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात आले. ज्या बांधावर दोन शेजारी उसाच्या पाण्यावरून भांडत होते, त्या बांधाची किंमत आता हाताच्या बोटांवर मोजता येत नाही. पूर्वी जिरायती तुकड्यासाठी कोणी बहिणीशी वैर धरीत नसे, कारण त्या तुकड्यात वैर धरण्यासारखे फारसे नव्हते. आता आहे. भोवतालच्या ज्या खेड्यांतून हे पत्र वाचले जाते, त्यांचीही गोष्ट हळूहळू तीच होत चालली आहे. रस्ता रुंद झाला की घरातली माणसे अरुंद होतात.

असे समजा की, अशाच एका खेड्यात मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. जमिनीची किंमत नव्वद लाख रुपये. भारतीय ख्रिस्ती माणसाला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे एक तृतीयांश, म्हणजे तीस लाख, विधवेचे. उरलेल्या साठ लाखांचे तीन सारखे भाग, म्हणजे प्रत्येक लेकराचे वीस लाख. मुलगा आणि मुलगी ह्यांत कायदा तेथे भेद करीत नाही. त्याच्या आधीच्या १८६५ च्या कायद्यातही तो नव्हता. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या मुलींना वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली मिळाला; आमच्या मुलींना वारसाहक्काची बरोबरी त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर मिळालेली आहे. आणि तरी घडते काय? तेराव्याचा विधी आमच्यात नाही, पण आठव्या दहाव्या दिवशी तलाठ्याकडे वारसनोंदीची गोष्ट निघते, आणि ताईपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. "सही कर ताई, तुला काय कमी आहे? माहेर तुटू देऊ नकोस." ती सही करते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठाही उमटतो. पुढच्या रविवारी मंडळीत सांगितले जाते की, अमक्या घराण्यात वाटणी मोठ्या गोडीने झाली.

हा समेट नव्हे. हा वेदीवर ठेवलेला चोरीचा माल आहे. ताईने आपण होऊन, सारे समजून, आपला वाटा भावाला दिला तर ते तिचे दान. त्याला कोणी हरकत घेऊ नये. परंतु तिला आपला वाटा किती आहे हेच कोणी सांगितले नव्हते, तर जे तिला ठाऊक नाही ते तिने दिले असे कसे म्हणावे?

येथे कोणी करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पत्राची आठवण देईल. पौलाने तेथे भावाने भावावर अविश्वासणाऱ्यांपुढे फिर्याद नेल्याबद्दल लाज वाटावी अशी भाषा वापरली आहे, आणि त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही असेही विचारले आहे. खरे आहे. परंतु त्याच्या लगेच पुढचे वाक्य सोडून देण्याची आम्हांस सवय लागली आहे. त्यात तो फिर्याद करणाऱ्याकडून वळून अन्याय करणाऱ्याकडे येतो आणि म्हणतो की, तुम्ही तर भावांनाच लुबाडता. पत्राचा खरा घाव तेथे बसतो. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पौल त्यांना असे विचारीत नाही की तुमच्यात कोणी धार्मिक नाही काय, कोणी वृद्ध नाही काय, कोणी वजनदार नाही काय. तो विचारतो की, भावाभावांतील निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? करिंथच्या मंडळीत बोलणारे, गाणारे, भाषा बोलणारे पुष्कळ होते. निवाडा करू शकेल असा शहाणा मिळेना.

शहाणपण हे शिकावे लागते, आणि हीच आजच्या लेखाची मुख्य गोष्ट आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करीत बसे आणि लोक ताटकळत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो आला. तो इस्राएली नव्हता, पाहुणा होता, परंतु त्याला एका दिवसात रोग समजला. त्याने सांगितले की, लायक माणसे निवड. देवाला भिणारी, खरी, आणि लाचेचा तिटकारा असलेली. आम्ही हे तीन गुण नेहमी वाचतो. परंतु त्याच्या आधी इथ्रोने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती ही की त्यांना नियम आणि कायदे शिकव, त्यांनी कोणत्या मार्गाने चालावे व काय करावे ते दाखव. देवाचे भय असले तरी शिक्षण लागतेच, हे त्या म्हाताऱ्या मिद्यानी याजकाने ओळखले होते. आमच्या मंडळ्यांना मात्र वाटते की, पंचाच्या खुर्चीवर बसण्यास पांढरे केस आणि मोठा आवाज पुरतो.

शरणपूरचे नाव आम्ही वर घेतले. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास ती ख्रिस्ती वसाहत वसवली, आणि तिचे नाव सार्थ आहे. जुन्या करारात जी शरणपुरे नेमली होती त्यांचा हेतू गुन्हेगाराला लपवण्याचा नव्हता; सूड घेणाऱ्याच्या हातून वाचून मंडळीपुढे त्याचा रीतसर न्याय होईपर्यंत त्याला आसरा मिळावा, हा होता. आसरा आणि न्याय ह्या दोन गोष्टी तेथे एकमेकींपासून वेगळ्या केलेल्या नाहीत. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुले ह्याच शरणपुरात शिकली.

ह्याच नाशिकात १५ नोव्हेंबर १८६६ रोजी कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना ह्यांनी पुण्यात शाळा चालवल्या. कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, १८८९ साली ऑक्सफर्डास गेल्या, आणि १८९२ साली तेथील कायद्याच्या वरच्या परीक्षेस बसल्या. त्यापूर्वी कोणत्याही स्त्रीस त्या परीक्षेस बसू दिले नव्हते. परीक्षा दिली, पण पदवी नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभच १९२० साली केला. मुंबईची कायद्याची परीक्षा त्या १८९७ साली उतरल्या, अलाहाबादेची वकिलीची १८९९ साली. तरी स्त्री म्हणून सनद नाही. ज्ञान पदरात, आणि न्यायालयाचे दार बंद.

त्यांनी ह्या काळात काय केले हे आमच्या मंडळ्यांनी नीट ऐकावे. पडद्यातल्या विधवा, अल्पवयीन वारस, मोठमोठ्या जमीनदाऱ्यांच्या मालकिणी अशा स्त्रिया होत्या की ज्यांना परक्या पुरुषाशी बोलता येत नसे, म्हणून वकीलही करता येत नसे. त्यांच्या इस्टेटीचा कारभार दिवाण पाहत, दीर पाहत, भाऊ पाहत. आणि त्यांच्या नावाने जो कागद पुढे येई त्यावर त्या पडद्याआडून शिक्का देत. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये कॉर्नेलियाबाईंची नेमणूक झाली. त्या पालखीत, बैलगाडीत, होडीत बसून त्या स्त्रियांच्या घरी जात, पडद्याच्या आत बसत, आणि त्यांना प्रथम त्यांचे काय आहे ते सांगत. पुष्कळ तंटे त्यांनी न्यायालयाबाहेर मिटवले, पण ते मिटवताना बाईला अंधारात ठेवून नव्हे. स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नाच्या जवळ होते. तरी त्यानंतर त्यांनी कलकत्त्यास वकिली केली. त्यांची सर्व राजकीय मते आम्हांस पटत नाहीत. परंतु आपल्या शेजारच्या गावात, मिशनच्या घरात जन्मलेली ही बाई आमच्या किती मंडळ्यांत ठाऊक आहे? आफ्रिकेच्या जंगलात गेलेल्या प्रत्येक मिशनऱ्याचे चरित्र आमच्या शब्बाथ शाळेत सांगतात.

समेट करणाऱ्याचे काम काय असते, ते ह्या उदाहरणावरून ध्यानात येईल. त्याने दुर्बळ पक्षास आधी पायावर उभे करावे. मग दोघांस एका चटईवर बसवावे. हा क्रम चुकला म्हणजे बोलणी कितीही गोड झाली तरी निकाल आधीच लागलेला असतो.

आमच्या जुन्या पंचायतींनाही हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. पेशवाईत तंटा पंचायतीपुढे यावयाचा तर दोन्ही पक्षांस आधी राजीनामा लिहून द्यावा लागे. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याची चिठ्ठी. तेव्हा त्याचा अर्थ राजी असल्याचा कागद, पंच ठरवतील ते आम्हांस मान्य आहे अशी कबुली. मग जामीन, मग साक्षी, मग निवाडा. जिंकणाऱ्याने हरकी द्यावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. त्या पंचायतीत स्त्रीला आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला किती न्याय मिळे, ह्याविषयी आम्ही भोळे नाही. आमच्या मंडळ्यांतील कित्येकांच्या पणजोबांनी त्याची किंमत मोजली आहे. तथापि निवाड्याच्या आधी दोघांची राजीखुशी पाहिजे, हे तत्त्व खरे होते. इंग्रजी अमलात ही पद्धत मोडत गेली. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, ज्यांत सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे होते, लवाद कोर्टाच्या रूपाने तिला पुन्हा उठवण्याचा यत्न १८७६ च्या सुमारास केला. रानडे स्वतः त्यानंतर काही काळ नाशिकास न्यायाधीश होते. सरकारी न्यायाच्या खुर्चीवर बसणाऱ्यासही आपसातल्या निवाड्याची किंमत कळत होती, हे ह्यावरून दिसते.

आज ही वाट कायद्यानेच आखून दिलेली आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याखाली लोकअदालती भरतात. तेथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी बंधनकारक असते, तिच्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोड झाली नाही तर दावा पुन्हा आपल्या जागी जातो. कोणाचे काही बुडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८९ व्या कलमाखाली न्यायाधीश स्वतःच दावा मध्यस्थीकडे पाठवू शकतात. अशी मध्यस्थी करणाऱ्यास, तो वीस वर्षांचा वकील असला तरी, सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने आखलेले चाळीस तासांचे शिक्षण घ्यावे लागते. त्या चाळीस तासांत काय शिकवतात? ऐकणे. दोघांना एकत्र व वेगवेगळे बसवून ऐकणे. तोंडी मागणीमागे कोणती गरज आहे ते ओळखणे. आपले मत न लादणे. आणि बंद दारामागे जे ऐकले ते बाहेर न सांगणे, कारण मध्यस्थीतले बोलणे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. ह्या शेवटच्या गोष्टीवरच आमच्या कित्येक मंडळ्यांतील समेट फुटतात. रात्री पाळकाच्या ओसरीवर जे बोलले गेले ते सकाळी विहिरीवर ऐकू येते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातही प्रभूने हाच क्रम लावून दिला आहे. आधी एकट्यानेच एकट्याला गाठावे, मग दोघे तिघे साक्षी, मग मंडळी. गोष्ट एकदम चारचौघांत आणू नये, आणि दडपूनही टाकू नये.

आणि पाळकांनी वाटणीच्या कामात किती शिरावे, ह्याविषयीही प्रभूचा एक प्रसंग आहे. गर्दीतून एकाने त्याला म्हटले की, माझ्या भावाला माझा वाटा द्यावयास सांग. प्रभूने वाटणी करण्याचे नाकारले. मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले, असे विचारले, आणि लगेच लोभाविषयी बोलला. लोभ हा पाळकाचा विषय आहे. सातबाऱ्याचा उतारा नव्हे. ज्या घरातून मंडळीस मोठी वर्गणी येते त्या घरच्या वाटणीत पाळकाने पंच होऊ नये. त्याचा हेतू शुद्ध असेल. परंतु धाकट्या भावाला ते कसे दिसेल, हाही विचार पाहिजे.

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावोगाव समित्या झाल्या, पुष्कळ किरकोळ तंटे खरोखर मिटले, गावांस बक्षिसे मिळाली. ज्या गावांनी हे मनापासून केले त्यांची आम्ही स्तुती करतो. परंतु बक्षिसाची तारीख जवळ आली म्हणजे तंटा लवकर मिटवण्याकडे कल होतो, आणि तो बहुधा अशाच्या माथ्यावर मिटतो ज्याचा आवाज बारीक. आणि काही गोष्टी तडजोडीच्या नव्हतच. ज्या गुन्ह्यांत तडजोड करण्यास कायद्याने मनाई आहे ते लोकअदालतीतही घेता येत नाहीत. मुलीवर हात टाकला गेला, सुनेला जाळण्याचा यत्न झाला, जातीवरून कोणास मारले, तर अशा ठिकाणी "मंडळीतच मिटवू" म्हणणारा पंच समेट करीत नाही, तो साक्षीदार पळवतो.

आता कारखान्याकडे वळू. सातपूरच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस चालतात अशी आमची पुष्कळ कुटुंबे आहेत. मजूर व मालक ह्यांच्या तंट्यांत समेट अधिकाऱ्याची व्यवस्था १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली. तिच्याप्रमाणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती पाहिजे. तिच्यात मालकाचे व कामगारांचे सभासद सारखे, एकूण दहापेक्षा जास्त नव्हेत. कामगाराने एका वर्षाच्या आत आपली व्यक्तिगत तक्रार मांडावी, आणि समितीने तिचा निकाल तीस दिवसांत करावा. न्यायालयाच्या वाटेवर ही एक ओसरी आहे. परंतु कायद्यात समिती लिहिली म्हणजे कामगाराला बोलता येते असे नव्हे. समोर साहेब बसले आहेत, कागद इंग्रजीत आहे, आणि ठेकेदाराने सांगितले आहे की जास्त बोललास तर उद्यापासून येऊ नकोस. अडकवलेल्या मजुरीचा आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो असे याकोबाने लिहिले आहे. तो आक्रोश समितीच्या टेबलावर नीट मांडता यावा एवढे शिक्षण मंडळीतील तरुणांस मिळाले, तर त्याला कमी धार्मिक कोण म्हणेल?

नाशिकात कायदा शिकण्याची सोय आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीचे विधी महाविद्यालय आहे, मराठा विद्या प्रसारक समाजाचेही आहे. बारावीनंतर पाच वर्षे, किंवा पदवीनंतर तीन. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे न्यायालयाबाहेर तंटा सोडवण्याचे शास्त्र हा त्या अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे. त्यानंतर सनद आणि अखिल भारतीय परीक्षा. आमच्या खेड्यांतील पालक हुशार मुलाला डॉक्टर करू पाहतात, मुलीला परिचारिका. ह्या दोन्ही धंद्यांत आमच्या लोकांनी नाव मिळवले आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. वकील म्हटले की मात्र नाक मुरडतात. वकील खोटे बोलतो म्हणतात. खोटे बोलणारा वैद्यही असतो. तीताला लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस पौल एका जेनासाचे नाव घेतो. तो शास्त्रज्ञ, म्हणजे कायदा जाणणारा होता. पौल तीताला सांगतो की, त्याला पुढच्या प्रवासास लावून दे, आणि त्याला कशाची उणीव पडू नये असे कर. क्रेतातल्या त्या गरीब मंडळीने कायदेपंडिताची शिदोरी बांधावी, असे पौलाला वाटले. आमच्या वार्षिक हिशेबांत रंगसफेदीला रक्कम असते, ध्वनिक्षेपकाला असते. एका विद्यार्थिनीच्या कायद्याच्या शुल्काचे कलम कोणत्या मंडळीच्या हिशेबात आहे, ते आम्हांस कळवावे. आम्ही आनंदाने छापू.

तोपर्यंत ज्या बहिणीपुढे कागद आलेला आहे तिला आमचे एवढेच सांगणे आहे की, आज सही करू नये. मोफत कायदेशीर मदत मिळण्यास स्त्री असणे पुरे. १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे तिचे उत्पन्न पाहत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग, बालके आणि तुरुंगातील बंदी ह्यांसही तोच हक्क आहे. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते, आणि १५१०० हा क्रमांक दूरध्वनीवरून फिरवण्यास पैसे पडत नाहीत. जाताना सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नक्कल, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि भावाने पुढे केलेला कोरा किंवा भरलेला कागद, जो असेल तो, बरोबर न्यावा. आणि तिने एकटीने जाऊ नये. मंडळीतील एखाद्या वडील बाईने त्या दिवशी घरचे काम बाजूला ठेवून तिच्याबरोबर एस्‌टीत बसावे.